शहराची तिजोरी आणि कडेवरचे मूल

पुण्याच्या शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद. १७३० च्या जानेवारीत पहिल्या बाजीराव पेशव्यांनी या पेठेच्या पूर्व टोकाशी आपल्या वाड्याची पायाभरणी केली, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली, आणि पुढे राज्याचा कारभार या पेठेच्या शेजाराला येऊन राहिला. त्या कारभारात विद्येसाठी पैसा खर्च होत नसे असे नाही. श्रावणमासात दक्षिणा वाटली जाई आणि तिचा लौकिक काशीपर्यंत होता. परंतु ती दक्षिणा पडे शास्त्रे जाणणाऱ्या प्रौढ ब्राह्मणांच्या ओंजळीत. वाड्याच्या सावलीत, मेहुणपुऱ्याच्या बोळात किंवा ओंकारेश्वराच्या घाटावर धुळीत अक्षरे गिरविणाऱ्या पोरासाठी त्या जमाखर्चात सदर नव्हते.

त्या पोराची सोय पंतोजी करी. एखाद्या वाड्याची पडवी किंवा देवळाची ओवरी हीच शाळा. धूळपाटी, मुळाक्षरे, पावकी-निमकीचे पाढे, मग मोडी खर्डे, हा तिचा अभ्यासक्रम. पंतोजीचे वेतन घराघरांतून येई. कुठे शिधा, कुठे महिन्याचे चार पैसे, कुठे सणावारी धोतरजोडी. अक्षरारंभ पाचव्या वर्षी करावा अशी रूढी होती, परंतु पंतोजी वय काटेकोर विचारीत नसे. थोरल्या भावाबरोबर धाकटा आला तर तोही कोपऱ्यात बसे. अर्थात ही सारी सोय ठराविक घरांतील मुलग्यांची. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या ओवरीची पायरीही वर्ज्य होती, हे त्या शाळेचे गोडवे गाताना विसरून चालत नाही.

सहा वर्षांच्या आतील मुलाला सांभाळावे, शिकवावे, त्याचा खर्च मात्र कोणी करावा, हा प्रश्न आज नवा वाटतो. आईबापांनी करावा, दात्यांनी करावा, सरकारने करावा, की ज्या शहरात ते मूल वाढते त्या शहराने करावा? पुण्याच्या इतिहासात या प्रश्नाला मिळालेली उत्तरे शोधू गेले असता एक चमत्कारिक गोष्ट दिसते. शिक्षणासाठी शहराची तिजोरी जेव्हा जेव्हा उघडली गेली, तेव्हा तेव्हा दारावर वयाचा आकडा लिहिला गेला, आणि तो आकडा पुनःपुन्हा सहाचाच होता.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. ती घटविली आणि तिचा काही भाग विद्यालयाकडे वळविला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती या पैशावर. पुढे १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, आणि नंतरच्या काळात त्यांच्या शाळांना दक्षिणा फंडातूनच मासिक साहाय्य मिळू लागले. ज्या पैशाने एकेकाळी शास्त्र्यांच्या ओंजळी भरल्या, त्याच पैशातून मुलींना पाटी-पेन्सिल मिळावी, हा पुण्याच्या इतिहासातील एक मोठा पालट होय. तो घडविण्यास सरकारी हुकुमापेक्षा एका माळ्याच्या मुलाची आणि त्याच्या पत्नीची चिकाटी अधिक कारणीभूत झाली.

पुण्यास म्युनिसिपालिटी आली १८५७ मध्ये. तिच्या पहिल्या काळजीचे विषय रस्ते, दिवे, पाणी, कचरा हे होते, शाळा नव्हत्या. शाळांचा खर्च भागे तो निराळ्याच वाटेने. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाऊ लागला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठरला. हा आणा कोण देई? शेतकरी देई. पेठेत वाडा बांधून राहणारा, पेन्शन खाणारा किंवा सराफीची पेढी चालविणारा गृहस्थ शेतसारा देत नसे, म्हणून लोकल फंडही देत नसे. मात्र गावातील सरकारी शाळांवर हा फंड खर्च होत असे. म्हणजे मावळातल्या कुणब्याच्या आण्यावर शहरातील मुले शिकत होती आणि त्या कुणब्याच्या स्वतःच्या गावात बहुधा शाळा नसे. शहरवासीयांच्या सुसंस्कृतपणाचा अभिमान बाळगताना हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

१८८२ मध्ये हंटर कमिशन आले तेव्हा तो मांडला गेला. जोतीराव फुले हे १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. शहराची तिजोरी आतून पाहिलेला मनुष्य होता तो. कमिशनपुढे त्यांनी लेखी निवेदन दिले, त्यात शेतकऱ्याच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो अशी सडेतोड तक्रार केली आणि प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. मोठ्या शहरांच्या म्युनिसिपालिट्यांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, असे त्यांचे मत होते. परंतु शाळांची व्यवस्था सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, ती शिक्षणखात्याच्या देखरेखीखाली असावी, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. पैसा शहराने द्यावा, पण लगाम एकट्या शहराच्या हाती नसावा! सहा वर्षे सभासदत्व केलेल्या माणसाने असे म्हणावे, यात त्या सभागृहाविषयीचा अनुभव बोलतो आहे.

कमिशनच्या शिफारशींचा परिणाम लवकरच दिसला. १८८४ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्याने प्राथमिक शाळांची तरतूद ही म्युनिसिपालिट्यांच्या कर्तव्यांत दाखल झाली आणि शहरांना आपल्या मुलांचे शिक्षण आपल्या उत्पन्नातून पाहणे भाग पडले. पुण्याच्या उत्पन्नाचा कणा म्हणजे जकात. नाक्यावरून आत येणाऱ्या धान्याच्या, तुपाच्या, सरपणाच्या गाडीमागे जो कर पडे, त्यातून मास्तरांचा पगार निघू लागला. जकात जशी गरिबाच्या भाकरीवर पडे तशी श्रीमंताच्या पुरणपोळीवरही पडे, एवढा तरी न्याय त्यात होता.

परंतु कायद्यात शब्द होता ‘प्राथमिक शाळा’. त्या शब्दाच्या अलीकडे जे मूल होते त्याच्यासाठी कोणी काय केले? त्याही आधी, १८६३ मध्ये, फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसलेल्या विधवांनी गुप्तपणे यावे, सुखरूप प्रसूत व्हावे आणि मूल तेथे ठेवून जावे अथवा घेऊन जावे, अशी ती सोय होती. तान्ह्या मुलाला सांभाळण्याची पुण्यातील ही सार्वजनिक स्वरूपाची पहिल्या काळातील व्यवस्था, आणि ती उभी राहिली एका घराच्या पदरखर्चाने. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला यशवंत हा तेथेच जन्मलेला मुलगा.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. हंटर कमिशनपुढे पुण्यात त्यांचीही साक्ष झाली होती. पुढे अमेरिकेत असताना फिलाडेल्फियास त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचे, म्हणजे किंडरगार्टनचे, रीतसर शिक्षण घेतले. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदासदन त्यांनी पुढल्या वर्षी पुण्यास हलविले आणि तेथे या पद्धतीचा प्रवेश झाला. ठोकळे, रंगीत गोळे, गाणी, हातकाम, हे सारे पुण्याने पाहिले. पण त्याचा पैसा आला बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनकडून. सदनावर पुढे जे वादळ उठले ते धर्मांतराच्या शंकेवरून. लहान मुलांना खेळातून शिकवावे ही कल्पना त्या वादळात पुण्याच्या ध्यानात राहिली नाही, आणि तिच्यासाठी आपण चार पैसे वेगळे काढावेत असे शहराच्या मनातही आले नाही.

गोपाळ कृष्ण गोखले हे पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होऊन गेलेले. शाळेच्या इमारतीचे भाडे, मास्तरांचे पगार आणि जकातीची आवक यांचा मेळ कसा बसत नाही हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात स्थानिक संस्थांना, त्यांची इच्छा असल्यास, आपल्या हद्दीत मुलग्यांचे शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा होती. वय सहा ते दहा. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने सोसावा अशी वाटणी. इतके सौम्य विधेयक, पण १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण १९०६ मध्ये सर्व राज्यभर लागू केले होते आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केले. ब्रिटिश मुलखात मात्र ते परवडत नव्हते.

अखेर १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि म्युनिसिपालिट्यांना सहा ते अकरा वयाच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करता येऊ लागले. त्याच साली इंग्लंडातही एक शिक्षणकायदा झाला, तो फिशर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात स्थानिक शिक्षणसंस्थांना दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शिशुशाळा काढण्याची किंवा अशा शाळांना मदत करण्याची मुभा मिळाली. डेटफर्डच्या गरीब वस्तीत मॅकमिलन भगिनींनी चालविलेल्या शाळेचे उदाहरण तेथल्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे होते. एकच साम्राज्य, एकच साल. लंडनच्या नगरसंस्थेला दोन वर्षांच्या मुलावर पैसा खर्चता येत होता आणि पुण्याच्या सक्तीची रेषा सहाव्या वर्षाच्या अलीकडे येत नव्हती.

या कायद्याची अंमलबजावणी करू जाता पुण्यात जो वाद माजला तो प्रसिद्धच आहे. पैसा अपुरा आहे, म्हणून आरंभ मुलग्यांपासून करावा, मुलींची सक्ती मागाहून, असे एका पक्षाचे म्हणणे होते, आणि त्या बाजूस लोकमान्य टिळकांचे वजन होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे की मुलींना वगळून सक्ती करणे हा अन्याय आहे. सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांनी स्त्रियांची मिरवणूक काढून म्युनिसिपालिटीकडे मागणी नेली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी त्यासाठी चळवळ केली. १९२० च्या आरंभी सभांत आरडाओरड, अंडी, गोंधळ असे सारे झाले. पुण्याचा वाद म्हटला की तो रंगावयाचाच. परंतु त्या रंगात एक साधा व्यवहार पडद्याआड राहिला. सहा ते अकरा वयाची मुलगी घरी का ठेवली जात असे? रूढी हे कारण होतेच. दुसरे कारण तिच्या कडेवर होते. आई दळणकांडणास, मोलमजुरीस किंवा दुसऱ्याच्या घरी भांड्यांना गेली म्हणजे धाकट्याला सांभाळणारी ती. मुलग्यांची सक्ती केली तर ही मुलगी घरीच राहणार; तिचीही सक्ती केली तर कडेवरचे मूल कोठे ठेवावयाचे? या प्रश्नाला सक्तीच्या कायद्यात उत्तर नव्हते. शिक्षणाच्या खर्चाचा अंदाज करताना त्या मुलाच्या पाळण्याचा खर्च धरला नाही, तर हिशेब पुरा होत नाही. कुटुंबे तो खर्च थोरल्या मुलीच्या शाळेतून वळता करून घेत होती.

व्यवहारात मात्र सहाच्या आतील मूल शाळेत येतच होते. मराठी शाळेतला बिगरीचा वर्ग आठवावा. पहिल्या इयत्तेच्या आधीचा हा वर्ग. नापास होण्याची भीती नाही आणि पुढे जाण्याची निकडही नाही. बाक नाहीत, सतरंजीचा तुकडा. खडू, पाटी, बोळका आरडाओरडा आणि एक गांजलेले मास्तर. शाळेतला सर्वांत नवखा किंवा सर्वांत थकलेला शिक्षक या वर्गावर नेमण्याची पद्धत होती, आणि ज्या वर्गाला सर्वांत कुशल हात हवा त्याला सर्वांत दुबळा हात मिळे. चार-साडेचार वर्षांचे पोर बहिणीच्या किंवा भावाच्या मागे येई आणि बिगरीत बसे. म्हणजे कायद्याने बंद केलेले दार व्यवहाराने किलकिले ठेवले होते. शहराचा पैसा त्या मुलावर खर्च होत होता, परंतु त्याच्या वयाला शोभेल अशा रीतीने नव्हे.

याचा परिणाम पुढे आकड्यांत उमटला. १९२९ मध्ये हार्टोग समितीने हिंदुस्थानातील प्राथमिक शिक्षणाची गळती मोजली. १९२२-२३ मध्ये पहिल्या वर्गात असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथ्या वर्गापर्यंत पोचले ते अवघे १८. बाकीचे गळाले किंवा खालीच रुतून बसले. या रुतण्याची कारणे पुष्कळ. दारिद्र्य, रोगराई, एकशिक्षकी शाळा. तथापि खेळण्याच्या वयात पाढ्यांचा कंटाळा पदरी पडलेले आणि शिकण्याच्या वयात घरी अडकलेले मूल, ही दोन टोके त्यात नक्कीच होती. मधल्या काळात १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला, स्कूल बोर्डे आली, मंजूर झालेल्या वाढीव खर्चाचा निम्मा भाग सरकारने म्युनिसिपालिट्यांना द्यावा असे ठरले. सरकारी अनुदानही अर्थातच प्राथमिक शिक्षणापुरते.

तिकडे रोममध्ये १९०७ च्या जानेवारीत मारिया मोंटेसोरी यांनी सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत बालगृह उघडले होते. त्याची गोष्ट हिशेबाच्या दृष्टीने मोठी बोधक आहे. तेथील चाळी एका बांधकाम कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले म्हणजे मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करीत. दुरुस्तीवर होणाऱ्या खर्चापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल असा कंपनीने विचार केला, आणि त्या काटकसरीतून जगप्रसिद्ध शिक्षणपद्धती जन्मास आली. व्यापारी कंपनीला जे गणित सुटले ते कित्येक नगरसंस्थांना सुटले नाही.

मराठी मुलखात ही विद्या रुजविली ताराबाई मोडक यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, मराठी शिक्षणपत्रिका त्यांनी चालविली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढला. मध्यमवर्गीय घरांत बालशिक्षणाचा बोलबाला झाला. पुण्याच्या पेठांतूनही बालमंदिरे, शिशुवर्ग निघू लागले. परंतु ते फीवर चालणारे. ज्याच्या घरी आधीच आजी आहे, अंगण आहे, चित्रांचे पुस्तक आहे, त्याच मुलाला बालमंदिर मिळाले. आईबरोबर धुण्याभांड्यांच्या घरी जाऊन ओसरीवर बसणाऱ्या मुलाला ते मिळाले नाही. ताराबाईंना ही उणीव बोचत होती.

येथे पुण्याचा एक धागा येतो. शनिवार पेठेपासून पायी थोड्या अंतरावर लक्ष्मी रस्त्यावर हुजूरपागेची मुलींची शाळा आहे. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती ती जागा. १९३३ पासून १९४४ पर्यंत त्या शाळेत अनुताई वाघ शिकवीत होत्या. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या; १९१० चा जन्म; लहानपणी लग्न होऊन थोड्याच महिन्यांत वैधव्य आले; पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून शिक्षिका झालेल्या. १९४५ मध्ये त्यांनी पुणे सोडले आणि ताराबाईंबरोबर ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्राच्या कामाला वाहून घेतले. नोकरीतील सुस्थिर जागा सोडून समुद्रकाठच्या एका खेड्यात जाणे, हे त्या काळी पेठेतील शहाण्यांना वेडेपणाचेच वाटले असल्यास नवल नाही.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले तिकडे येईनात. कोणी नागडे, कोणी उपाशी, कोणाच्या कडेवर आणखी धाकटे. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या वस्तीत नेली. घरापुढचे अंगण झाडून तेथे मुले गोळा करावयाची, त्यांना न्हाऊ घालावयाचे, नखे कापावयाची, काही खाऊ द्यावयाचा, गाणी म्हणावयाची. मोंटेसोरीची महागडी साधने आणणार कोठून? त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने, बांबूचे तुकडे आले. या उपक्रमाला नाव पडले अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणून विकासवाडी केली. थोरली मुलगी शाळेत बसली आहे, मधले बालवाडीत आहे, कडेवरचे पाळण्यात आहे. १९२० च्या पुण्यातील वादात ज्या मुलाचा पत्ता नव्हता त्याची सोय कोसबाडला झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही तेथे निघाली. पुण्याने तयार केलेली शिक्षिका हे करीत होती, पण पुण्याबाहेर, आणि देणग्यांच्या व अनुदानाच्या ओढाताणीत.

बोर्डीच्या कामाला आरंभ होत असताना राज्यकर्त्यांच्या कागदावरही हा विषय येत होता. १९४४ च्या सार्जंट योजनेत तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी १० लाख जागांच्या शिशुशाळा सुचविल्या होत्या. त्या मोफत असाव्यात, सक्तीच्या नसाव्यात. स्वातंत्र्य आले, १९५० मध्ये राज्यघटना आली. तिच्या पंचेचाळिसाव्या कलमात चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील असे म्हटले होते. वरची मर्यादा चौदा. खालची मर्यादा लिहिलेलीच नव्हती. जुन्या सवयीने सर्वांनी ती सहा अशी वाचली.

त्याच १९५० च्या फेब्रुवारीत पुण्याची म्युनिसिपालिटी जाऊन महानगरपालिका झाली. ज्या १९४९ च्या कायद्याने ती झाली त्यात कामांच्या दोन याद्या आहेत. एक कर्तव्यांची, दुसरी ऐच्छिक कामांची. प्राथमिक शाळा चालविणे, त्यांना मदत व जागा देणे हे पहिल्या यादीत; शिक्षणाची इतर कामे दुसऱ्या यादीत. पहिल्या यादीतले केले नाही तर जाब विचारता येतो. दुसऱ्या यादीतले केले तर उपकार. महानगरपालिकेने पुढे आपल्या शाळांच्या आवारांत बालवाड्या चालविल्या, त्यांचा लाभ हजारो गरीब घरांना झाला. परंतु कोणत्याही अंदाजपत्रकात ओढाताण झाली की ऐच्छिक यादीवर कात्री आधी येते, हा सर्व नगरसंस्थांचा अनुभव आहे.

मोठा पैसा आला तो दिल्लीहून. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, शाळेपूर्वीचे शिक्षण असे तिचे अंग. आणि तिच्या केंद्राला नाव दिले गेले अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला मराठी शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी दप्तरात गेला. शब्दाबरोबर एक गोष्ट मात्र गेली नाही, ती म्हणजे शिक्षिकेचा दर्जा. तिला सेविका म्हटले आणि पगाराऐवजी मानधन ठरविले. आरंभी मॅट्रिक झालेलीस महिना १५० रुपये, न झालेलीस १००. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही जागा नागरी सेवेतील पद नव्हे असे सांगितले; त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशात किमान १४ लाख अंगणवाड्या असाव्यात असा आदेशही त्याच न्यायालयाने दिला. या सेविकांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, देय आहे असा निवाडा होण्यास २०२२ चा एप्रिल उजाडला.

या योजनेत पैसा केंद्राचा व राज्याचा, यंत्रणा राज्याची. शहराचे स्थान काय? १९९२ च्या घटनादुरुस्त्यांकडे पाहावे. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जी २९ विषयांची अनुसूची दिली तीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण आहे आणि महिला व बालविकास हा विषयही स्वतंत्रपणे आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरसंस्थांसाठी १८ विषय दिले. त्यांत दिवे आहेत, स्मशाने आहेत, कत्तलखाने आहेत, कोंडवाडे आहेत. शिक्षण येते ते सांस्कृतिक व सौंदर्यविषयक बाबींच्या सोबतीने, एका ओळीत. बालविकास हा शब्द नाही. मुळशीच्या ग्रामपंचायतीला मुलाची काळजी घेण्यास घटनेने नाव घेऊन सांगितले आणि पुण्याच्या महानगरपालिकेला सांगितले नाही. असे का व्हावे याचे समाधानकारक कारण सापडत नाही. शहरात आजी असते, शेजार असतो, फीची बालमंदिरे असतात, अशी काहीतरी समजूत त्यामागे असावी.

२००२ मध्ये शहाऐंशीवी दुरुस्ती झाली. शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा मूलभूत हक्क ठरला. पंचेचाळिसावे कलम बदलून सहाच्या आतील मुलाचे संगोपन आणि शिक्षण राज्याच्या प्रयत्नावर सोपविले गेले. १९५० च्या कलमात जी खालची मर्यादा कोणी लिहिली नव्हती ती आता स्पष्ट लिहिली गेली: एका बाजूस हक्क, दुसऱ्या बाजूस प्रयत्न. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तीन वर्षांवरील मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल एवढेच म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्व मुलांना शाळेपूर्वीचे शिक्षण मिळावे असे उद्दिष्ट घातले; धोरण म्हणजे कायदा नव्हे.

इकडे तिजोरीचे स्वरूपही पालटले. पुण्यातील जकात २०१३ च्या एप्रिलपासून बंद झाली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर अल्पायुषी ठरला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून त्या उत्पन्नाची भरपाई राज्याकडून येते. शनिवार पेठेतील घरमालकाला मिळकतकराचे बिल येते, त्यात १९६२ च्या कायद्याप्रमाणे राज्याचा शिक्षण कर असतो. तो गोळा करते महानगरपालिका आणि भरते राज्याच्या खजिन्यात.

पेशव्यांच्या वाड्यासमोरून नव्या पुलाने, म्हणजे १९२३ मध्ये झालेल्या पुलाने, नदी ओलांडली की पलीकडे महानगरपालिकेची इमारत आहे. १९४९ च्या कायद्याचे नाव पुढे बदलून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे झाले. त्यातल्या दोन याद्या कायम आहेत, आणि बालवाडी अजून दुसऱ्या यादीत आहे.